सातपुड्यात घोड्यासह मुक्काम : आधी पाणी बघा, मग जागा

घोडा घेऊन डोंगरात राहायचं ठरलं की बहुतेक जण तंबू, जेवण आणि सूर्योदय दिसेल अशी जागा यांचाच विचार आधी करतात. सुरुवात मात्र पाण्यापासून करावी. साडेतीनशे किलोचा घोडा थंडीच्या दिवसांत, हलक्या चालीलाही, दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी पितो. दोन घोडे आणि चार माणसं असतील तर शंभर लिटरची रोजची सोय हवी, आणि ती डोक्यावरून वाहून होणारी नाही. जिथे पाणी, तिथून साधारण ६० मीटर वरच्या अंगाला ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा. त्याहून जवळ बांधलं तर लीद-मूत थेट नाल्यात उतरतं, आणि खालच्या पाड्यावरची माणसं तेच पाणी भरतात.

दिवस कोणते निवडायचे

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी. त्याआधी वाटा निसरड्या असतात, गोमाश्या असतात, आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा हा घोड्याचा रक्तातला रोग पसरतो. फेब्रुवारीनंतर सातपुड्यातले बरेच ओढे आटतात, सागाची पानगळ होते आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो. तोरणमाळला जायचं असेल तर महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळा. घाटात गाड्यांची रांग आणि वर गर्दी असते, घोड्याला उभं राहायला जागा मिळत नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून नवा घोडा घेतला असेल तर त्याला लगेच सोबत नेऊ नका. तिथे दत्तजयंतीच्या यात्रेला ठिकठिकाणचे घोडे एकत्र येतात. नवा घोडा तीन आठवडे वेगळा ठेवा, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून घ्या, ताप रोज मोजा.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सोडू नका. १९२७ च्या वन कायद्यात ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत घोडा, घोडी, शिंगरू सगळे येतात. म्हणजे राखीव जंगलात घोडा चरायला सोडणं हे बैल सोडण्याइतकंच बेकायदेशीर आहे. यावल आणि अनेर ही अभयारण्यं आहेत. तिथे वन विभागाची लेखी परवानगी नसेल तर मुक्काम करूच नका. सोपा मार्ग म्हणजे पाड्यालगत मालकीच्या शेतात, मालकाला विचारून, राहणं. आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन या, भिल-पावरा घरांतल्या वडीलधाऱ्यांशी बोला, पाणी कुठलं वापरायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

घोड्याची तयारी

तापीकाठच्या काळ्या मातीत वाढलेला घोडा खडकाळ चढाला सरावलेला नसतो. महिनाभर आधीपासून मुरमाच्या रस्त्यावर चालवा. प्रवासाला निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी नाल ठोकून घ्या, आदल्या दिवशी नाही. खिळा जिवंत भागाच्या जवळ गेला असेल तर लंगडणं दोन-तीन दिवसांनी दिसतं. ते घरी दिसलेलं बरं, घाटात नको.

चारा घरचाच न्या. चारा अचानक बदलला की पोटशूळ होतो. नवा द्यायचाच असेल तर सात ते दहा दिवस थोडा थोडा मिसळत न्या. हिशोब असा : सुका चारा आणि चंदी (दाणा) मिळून वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज सात किलो. त्यातली चंदी दीड किलोपर्यंत, दोन-तीन वेळा विभागून. दोन रात्रींसाठी चार दिवसांचा चारा घ्या. मीठ रोज ३० ग्रॅम, घाम जास्त आला तर दुप्पट. बुरशीचा मका किंवा कडबा अजिबात नको, आणि कोंबड्यांचं खाद्य चुकूनही नको. त्यातलं मोनेन्सिन हे औषध घोड्याचं हृदय निकामी करतं.

ठाण कसं बांधायचं

अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायाला दोरी लावून मेखांना बांधणं, इथे काम देत नाही. खाली बसाल्ट, वर टीचभर मुरूम. मेख धरत नाही. रात्री बिबट्याचा वास आला आणि घोडा उधळला, तर मागचा पाय बांधलेला घोडा पडतो.

त्याऐवजी दोरी वरून बांधा. सहा-सात मीटर अंतरावरची दोन जिवंत, मांडीएवढी जाड झाडं निवडा. बुंध्याला गोणपाटाच्या तीन घड्या गुंडाळा, नाहीतर दोरी साल कापते. १२ मिलिमीटरची दोरी घोड्याच्या डोक्याच्या वर, दोन मीटरहून उंच, ताणून बांधा. सैल राहिली तर रात्रीतून झोळ पडतो आणि पाय अडकतो. कासऱ्याची लांबी इतकीच ठेवा की मान खाली घातल्यावर मोहरखी (तोंडावरची दोरी) जमिनीपासून हातभर वर राहील : गवत खाता येईल, पण पाय दोरीवरून जाणार नाही. गाठ सुरगाठच हवी, एका झटक्यात सुटणारी. दोन घोड्यांत तीन मीटर अंतर ठेवा; एवढ्या दोरीवर दोनच घोडे. एकटा घोडा दूर बांधू नका, आणि माणसांचा तंबू हाकेच्या अंतरात असू द्या.

बांधण्याआधी ती जागा पायी फिरून बघा. घाणेरी, कण्हेर, एरंड, धोतरा दिसला तर जागा बदला. भुकेला, कंटाळलेला घोडा तोंडाजवळचं काहीही खातो.

चालताना आणि पोचल्यावर

दिवसाला १५ किलोमीटर पुरे. निघून पंधरा मिनिटांनी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळा; तो बांधताना घोडा पोट फुगवतो. उतारावर खोगीर पुढे सरकतं म्हणून दुमची (शेपटीखालून खोगिराला बांधायचा पट्टा) लावा, तीव्र उताराला उतरून चाला.

मुक्कामाला पोचलं की तंग सैल, मग थोडं थोडं पाणी, मग सुकं गवत. चंदी तासाभराने, तोबऱ्यातून. दहा-पंधरा मिनिटांत नाडी मिनिटाला ६० च्या खाली यायला हवी. आली नाही तर दुसऱ्या दिवशी चाल नको. मग खरारा करा, आणि पाठ, तंगाची जागा, चारही खूर तपासा. खुराच्या खाचेत अडकलेला मुरमाचा खडा बाहेरून दिसत नाही, माती काढल्यावरच सापडतो. डोंगरावर कुसळी गवत असेल तर ओठ वर करून हिरड्या बघा. कुसळाचं टोक तपकिरी, केसाएवढं बारीक असतं. हिरडीत रुतलं की घोडा चारा तोंडात घेऊन गाळून टाकतो, आणि माणसाला वाटतं थकलाय.

पोट दुखलं तर

लक्षणं अशी : पायाने जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, लीद बंद, लोळणं. चारा लगेच काढा, सावकाश चालवत ठेवा, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. पाड्यावर रेंज नसते म्हणून जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर आणि रेंज मिळणारी जागा आदल्या दिवशीच लिहून ठेवा. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा ओतू नका; तो फुप्फुसात जातो, आणि पोटशूळातून वाचलेला घोडा त्या न्यूमोनियाने जातो.

निघताना लीद पांगवा, टापांनी उकरलेला खड्डा बुजवा, गोणपाट-दोरी सोबत घ्या. स्वयंपाकाला गॅसची शेगडी वापरा. सागाच्या वाळक्या पानांवर एक ठिणगी पुरते.