सुट्टीत शेतावर नेमबाजी: आदल्या दिवशी काय काय जमवून ठेवावं

दिवाळीच्या सुट्टीत भावंडं गावी जमली की कुणीतरी माळ्यावरची एअरगन खाली काढतंच. पाच मिनिटांत घोळका होतो, मग 'आता माझा नंबर' म्हणून कुरबुर आणि अर्ध्या तासात रिकाम्या बाटल्यांवर छर्रे मारून सगळ्यांना कंटाळा. खेळ रंगवायचा असेल तर तयारी आदल्या संध्याकाळी करावी आणि ती मागून पुढे करावी. आधी निशाणाच्या मागे काय आहे ते बघायचं, मग निशाण, आणि खेळ कोणता हे सगळ्यात शेवटी.

जागा शोधताना उंच, जाड मातीचा बांध गाठा, शक्यतो आपल्या पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीमागून येतं, निशाण उजळतं आणि कुणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. बांधापलीकडे पायवाट, गोठा, विहिरीवरची मोटर यातलं काही नको. एवढासा छर्रा काय करणार, असं घरातली मोठी माणसंच म्हणतात. पण वर सुटलेला छर्रा दोनशे मीटरच्या पुढे सहज जातो. बांधाच्या दर्शनी भागातले दगड वेचून टाका, कारण मातीत छर्रा रुततो आणि दगडावरून तो उलटा येतो. टेपने १० मीटर मोजा, फक्कीची रेघ ओढा, रेघेच्या मागे एक टेबल मांडा. बंदूक या टेबलावर राहील, नळी कायम बांधाकडे. बाकीच्यांची सतरंजी टेबलाच्या आणखी चार-पाच पावलं मागे.

कागदी निशाणांसाठी छर्रे अडवणारा डबा घरीच होतो. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या, वरचं तोंड पूर्ण कापा, कापलेली कड हातोडीने आत ठोकून बोथट करा. डबा आडवा ठेवून जुन्या साड्या, फाटक्या चादरी, वर्तमानपत्रं अशी ठासून भरा की मूठ मारली तरी आत जाऊ नये. तोंडावर खोक्याचा जाड पुठ्ठा, त्यावर कागद. डब्यामागे वाळूचं एक भरलेलं पोतं हवंच, कारण पत्रा पातळ असतो. चांगला नेमबाज असला की एक गंमत होते: सगळे छर्रे एकाच ठिकाणी जाऊन चिंध्यांत सरळ बोगदा पडतो आणि मग आतून 'टण्' असा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की खेळ थांबवायचा, चिंध्या उपसून पुन्हा भरायच्या. हे काम घरातल्या सगळ्यात चिडचिड्या माणसाला द्यावं, तो बरोबर कान देऊन बसतो.

बंदुकीबद्दल थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते, त्यापुढची परवान्यात येते. तेव्हा आपल्याकडची कोणती आहे ते पावतीवर एकदा बघून घ्या. छर्रे शिशाचे, चपट्या डोक्याचे आणा. ते कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार छर्रे कागद फाडतात आणि मग गुणांवरून वाद. पोलादी गोळ्या मात्र नकोत, त्या कशावरूनही उसळतात. नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक असेल तर भरताना एक हात नळीवरून हलू द्यायचा नाही, मध्येच मिटली तर बोट चेचतं. रिकामी चापही ओढायची नाही, पिस्टनला झटका बसून सील खराब होतं. शेजारच्या मळ्यात आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या पाच आवाजांतच कुणीतरी काठी घेऊन येतं.

हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक सेफ्टी गॉगल माणशी एक आणा, बघ्यांनासुद्धा. मोबाइलवर व्हिडिओ काढणारा मावसभाऊ हमखास सगळ्यांच्या पुढे सरकतो. त्याला गॉगलही हवा आणि दटावणीही. एका मोठ्या माणसाला रेघेचा प्रमुख नेमा. तो 'भरा' म्हणेल तेव्हा भरायचं, 'मारा' म्हणेल तेव्हा मारायचं, आणि 'थांबा' मात्र कुणीही ओरडू शकतं, अगदी पाच वर्षांची चिमीसुद्धा. निशाण लावायला पुढे जायचं तर आधी बंदूक मोकळी करून, नळी उघडून टेबलावर. लहान मुलांसाठी वाळूची छोटी पिशवी शिवून ठेवा. त्यावर बंदूक टेकली की वजनाचा प्रश्न मिटतो आणि मूल फक्त नेमाकडे बघतं.

आता निशाणं. इथे हात सैल सोडावा. दिवाळी झालेली असते, घरात वापरलेल्या पणत्या पडून असतात आणि पणतीसारखं निशाण विकत मिळत नाही. तेल पुसून घ्या, मळलेल्या मातीच्या छोट्या गोळ्यावर उभी रोवा, पोकळ बाजू आपल्याकडे करून. छर्रा काठाला लागला तर नुसता टवका उडतो. मधोमध बसला की आधी लाल धूळ दिसते, मग पणतीच्या जागी नुसता मातीचा गोळा उरतो. तुकडे मातीतच मिसळतात. एखाद्या आजीला हे पटत नाही. तिच्याशी वाद घालू नये, कुंभाराकडून कोऱ्या डझनभर आणाव्यात. पांढरे खडू तितकेच चांगले, उभे रोवायचे. खडूची रुंदी साधारण बोटाच्या निम्मी, तेव्हा पणत्या संपेपर्यंत हात बसला की खडूंकडे वळायचं. बत्ताशांचा चुरा सुंदर उडतो आणि मुंग्यांची सोय होते, फक्त देवापुढचे नकोत. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली सुतळीने टांगली तर प्रत्येक भोकातून वेगळी धार लागते, आणि सगळ्यात खालची धार कुणाची यावर पैज लावता येते.

फुगे सगळ्यांना हवे असतात, कारण जत्रेतला फुग्यांचा फळा सगळ्यांच्या लक्षात असतो. आणा, पण थोडे. फुगा कुठेही छर्रा लागला तरी फुटतो, त्यामुळे नेम सुधारला की नाही ते कळत नाही. त्यातल्या त्यात फुगे सुपारीएवढेच फुगवा, म्हणजे जरा तरी कस लागतो. याउलट काडेपेटीची काडी. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, मातीत ओळीने रोवलेली. दहा काड्यांपैकी दोन मोडल्या तरी मारणारा तो दिवस विसरत नाही. त्याच जातीचं दुसरं निशाण म्हणजे टांगलेली सुतळी; खाली कागदी पिशवीत लिमलेटच्या गोळ्या बांधा, सुतळी तोडेल त्याच्या गोळ्या.

काय नको ते आदल्या रात्रीच बाजूला काढा: काचेच्या बाटल्या, ट्यूबलाइट, स्प्रेचे डबे, विटा, जाड लोखंड, जुन्या सीडी. सीडी चमकते म्हणून मोह होतो, पण तिच्या चिरफळ्या धारदार असतात. आणि साळुंकी, पारवा, खार, सरडा, शेजाऱ्याचा कुत्रा यांच्याकडे नळी वळली की त्या माणसाचा दिवस संपला, मग तो कितीही मोठा काका असो.

कागदी निशाणं छापून आणली तर उत्तम. १० मीटर एअर रायफलच्या अधिकृत निशाणावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पूर्ण काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण कॅरमच्या सोंगटीएवढा. पिस्तुलाच्या निशाणावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. नवख्यांना रायफलचं निशाण देऊ नका, हिरमुसतात. पिस्तुलाचं द्या, मारायला बंदूक असली तरी. गुण मोजायचा नियम आधीच सांगा: भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला टेकली तर वरचा गुण. हा एक नियम माहीत असला की निम्मी भांडणं होत नाहीत. चिकटवायला टाचण्या नकोत, गव्हाच्या पिठाची खळ करून न्या.

खेळांपैकी पहिला 'गाढव'. एकाने सांगायचं, 'तिसरा खडू, गुडघ्यावर बसून', आणि मारून दाखवायचं. त्याला लागला तर पुढच्यानेही तसंच मारायचं. चुकलं की 'गा', मग 'ढ', मग 'व'. यात चांगला नेमबाज अवघड जागा निवडतो आणि स्वतःच अडकतो, म्हणून मजा. दुसरा पत्त्यांचा. जुन्या कॅटातले पत्ते पाठमोरे चिकटवा, प्रत्येकाने तीन मारायचे, मग उलटून तीन पत्ती लावायची. इथे नशिबाचा वाटा मोठा, त्यामुळे पहिल्यांदा बंदूक धरलेली वहिनीही जिंकू शकते आणि दिवसभर टिकते. तिसरा एकवीस: एका कागदावर एक ते नऊ आकड्यांची वर्तुळं, बेरीज बरोबर २१ करायची, वर गेली की बाद. फुली-गोळा तर सांगायलाही नको, नऊ चौकोन आखा आणि दोघांना दोन रंगांच्या स्केचपेननी आपापलं भोक रंगवू द्या.

माझ्या मते सगळ्यात रंगणारा खेळ मात्र दमवणारा आहे. बायथलॉनमध्ये बर्फावर स्की करत येऊन ५० मीटरवरच्या पाच निशाणांवर मारतात. उभ्याने मारताना निशाण ११५ मिलिमीटरचं, पालथं पडून मारताना ४५ चं. आपल्या १० मीटरसाठी पाचाने भागा: २३ मिलिमीटरची पाच आणि ९ मिलिमीटरची पाच काळी वर्तुळं, दोन वेगळ्या कागदांवर. बंदूक टेबलावरच ठेवून खेळाडूने आंब्याच्या झाडापर्यंत पळत जाऊन यायचं, मग पालथं पडून पाच. पुन्हा पळून, उभ्याने पाच. जितके चुकतील तितक्या बैठका. धापा टाकताना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, निशाणावर कशी वरखाली नाचते हे कळलं की श्वास अर्धा सोडून थांबायला कुणी शिकवावं लागत नाही. जमिनीवर घालायला जुनी घोंगडी विसरू नका, नोव्हेंबरात गोखरूचे काटे असतात.

ज्याला आणखी अवघड हवं त्याला तीन आसनं द्या: गुडघ्यावर, पालथं, उभं, प्रत्येकी दहा छर्रे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या याच प्रकारात कांस्य मिळवलं. मुलांना हे सांगितलं की उभ्याने मारायला रांग लागते, आणि हात सगळ्यात जास्त थरथरतो तोही उभ्यानेच.

छोट्या सामानाची पिशवी वेगळी भरा: छर्ऱ्यांच्या दोन डब्या, कपड्यांचे चिमटे, सुतळी, कात्री, दोन रंगांचे स्केचपेन, गुणांची वही, बँडेज, पाणी, साबण. साबण सगळ्यात वर ठेवा. शिसं हाताला लागतं, आणि छर्रे ओठांत धरून एकेक काढायची सवय काही मोठ्यांनाही असते. ती त्या दिवशी मोडायचीच. भेळेचं पातेलं बाहेर येण्याआधी सगळ्यांचे हात धुवून झालेले हवेत, म्हणून खाणं टेबलापासून लांब, घराच्या ओट्यावर मांडावं.

आवरताना फुग्यांचे रबरी तुकडे मोजून वेचा. संध्याकाळी गुरं तिकडून परततात आणि तो लाल-पिवळा तुकडा त्यांच्या पोटात जायला वेळ लागत नाही. डब्यातल्या चिंध्या जुन्या परातीत झटका, शिसं खाली जमेल. ते झाकणाच्या बरणीत भरून, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवा आणि साठलं की भंगारवाल्याला द्या. बांधात रुतलेले छर्रे वरवर दिसतील तेवढे खुरप्याने काढा. बंदूक रिकामी आहे हे दोघांनी बघायचं, मग कुलपात. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या कपाटात.