दिवाळीच्या किल्ल्यासाठी मलिक-ए-मैदान तोफ

किल्ल्यावर प्लास्टिकची तोफ ठेवण्यापेक्षा मलिक-ए-मैदान घरीच करा ना, आज ती विजापूरच्या बुरुजावर असली तरी १५४९ मध्ये ओतली आपल्या अहमदनगरात! खरी तोफ साधारण साडेचार मीटर लांब आणि दीड मीटर जाड, म्हणून आपली १५ सेंटीमीटर लांब घेतली की जाडी ५ आणि तोंडाचं भोक सव्वादोनच्या आसपास. पुठ्ठ्याच्या नळीवर फेविकॉल घातलेला कागदाचा लगदा थापायचा. सगळी मजा तोंडात आहे, सिंहाचा उघडा जबडा आणि दातांत चिरडलेला हत्ती, हे लगदा ओला असतानाच काडीने कोरून घ्या, घाई करू नका. मग नीट वाळवून काळपट हिरवा रंग. आत फटाका मात्र अजिबात लावायचा नाही, तुकडे थेट डोळ्यात जातात.