ढेकर आला म्हणजे पित्तच, असं नाही

आप्पांना रात्री जेवणानंतर छातीत जळजळ सुरू झाली. आईने सोडा-लिंबू दिलं, मोठा ढेकर आला, ‘बघ, पित्तच होतं’ म्हणत ते आडवे झाले. मी पाठीवर हात ठेवला तर ऐन डिसेंबरात बनियन ओलंचिंब, अंग गार. त्या घामानेच मी 108 ला फोन लावला. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला.

पित्तात बहुधा आंबट पाणी घशाशी येतं, वाकलं किंवा झोपलं की जळजळ वाढते. हृदयाचं दुखणं आवळल्यासारखं, छातीवर कुणी बसल्यासारखं. ते जबड्यात, खांद्यात, हातात, पाठीत सरकतं. जिना चढताना वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं, तेही हृदयाचंच समजून तपासून घ्या. पण हा फरक दर वेळी इतका स्पष्ट नसतो. मधुमेह असलेल्यांना, बायकांना, वयस्कर माणसांना कधीकधी छातीत दुखतच नाही; नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं होतं. सोड्याने बरं वाटलं, यावरून काहीच ठरवू नका.

गार घाम, धाप किंवा काही मिनिटांत न थांबणारं दडपण असेल तर माणसाला बसवा, चालवू नका, 108 ला फोन करा. स्वतः स्कूटर काढून जाऊ देऊ नका. अ‍ॅस्पिरिन द्यायची का, ते फोनवर विचारा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर आधी सांगा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी उठून घरी येऊ नका. थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, ते सांगणारी) करतात, तोवर थांबा.