मूल खेळात रमलंय? मग या चुका टाळा

"ताई, हा एका खेळात पाच मिनिटंही टिकत नाही." बालवाडीत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. दोन-अडीच वर्षांचं मूल पाच-सात मिनिटांत दुसऱ्या खेळाकडे वळलं तर त्यात काळजीचं काही नाही, ते वयच तसं आहे. पण बऱ्याच घरांत मूल छान रमलेलं असतं आणि आपणच त्याला त्यातून उठवतो.

रमलेल्या मुलाची परीक्षा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. पालकभेटीच्या एका दिवशी तीन वर्षांचा एक मुलगा घंगाळाशी बसला होता. हातात पेला, समोर बाटली, बाटलीच्या तोंडात नरसाळं. नरसाळं घट्ट बसलं की बाटलीतली हवा अडकते आणि पाणी वरच थांबतं. त्याचं तेच झालं होतं. पाणी का उतरत नाही, म्हणून तो ओठ आवळून वाकून बघत होता. त्याने नरसाळं जरासं उचललं, भुडभुड करत थोडं पाणी खाली गेलं. परत दाबलं, थांबलं. परत उचलायला हात गेला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "पेल्याचा रंग कोणता रे? सांग ताईंना. किती पेले ओतलेस, मोज बघू!"

मुलाने वर पाहिलं. "लाल" म्हणाला. बाबांनी टाळ्या वाजवल्या, फोन काढून फोटोसाठी हसायला सांगितलं. त्यानंतर तो घंगाळाकडे वळलाच नाही, पाय ओले करत दाराकडे पळाला. बाबा मला म्हणाले, "बघा, हे असं आहे." मी त्यांना बाजूला घेऊन जे पाहिलं ते सांगितलं. रंग त्याला आधीच येत होता. नरसाळ्याचं कोडं त्याचं त्याला सुटत आलं होतं, ते अर्धवट राहिलं.

"शाब्बास"सुद्धा त्या क्षणी नको. मूल काम थांबवून तुमचं तोंड बघायला लागतं.

माझी सवय सांगते. मूल खेळत असलं की मी दोन हात लांब जमिनीवर बसते आणि मेथी निवडायला घेते. हात कामात असले की तोंड गप्प राहतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं तरच बोलायचं, तेही त्याच्या खेळाबद्दल. जेवायला उठवायचं असेल तर जवळ जाऊन हळूच, "एवढी बाटली भरली की जेवायला जाऊ."

"तेच तेच काय करतोस?"

1907 साली मारिया माँटेसरींनी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे भोकांत बसवत होती. काढायचे, पुन्हा बसवायचे, असं चाळीसहून जास्त वेळा. आसपासची मुलं गायला लागली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम थांबलं नाही. तुमचं मूल तोच डबा विसाव्यांदा उघडत असेल तर उघडू द्या.

खेळण्यांचा ढीग

वाढदिवसानंतर टोपलीभर खेळणी समोर ओतायची आणि मूल भिरभिरतं म्हणून तक्रार करायची, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 36 लहान मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळण्यांसोबत खेळू दिलं. 2018 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

मी खालच्या फळीवर चार-पाच वस्तू ठेवते, बाकीच्या ट्रंकेत. एखाद्या वस्तूला बरेच दिवस कुणी हात लावला नाही की तीच बदलते. बटण दाबलं की गाणारं, नाचणारं खेळणं शक्यतो नको, कारण सगळा खेळ तेच करतं आणि मूल नुसतं बघत बसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आजूबाजूला मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. वाट्या, झाकणं, कणकेचा गोळा, शिंपले तुमच्याकडेही असतील. मात्र मूल वस्तू तोंडात घालत असेल तर शिंपले, खडे, कडधान्य नको.

थोडक्यात आणखी काही

मागे मालिका चालू ठेवू नका. मूल टीव्ही बघत नसलं तरी आवाजाने, हालचालीने त्याचा खेळ तुटतो.

ठोकळा बसत नाही म्हणून लगेच हात पुढे करू नका. चिडून रडायला लागलं तर एकच ठोकळा हलवून दाखवा आणि मागे सरा.

भुकेल्या, पेंगुळलेल्या मुलाकडून एकाग्रतेची अपेक्षा नको.

"एकाग्रता वाढवणारे" फ्लॅशकार्ड, ॲप, तीन वर्षांच्या मुलांचे क्लासेस यांवर पैसे घालवू नका. आठवडाभर खेळणी कमी केली, फरक दिसला नाही, आता कुठला कोर्स करू, असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगते: आधी महिनाभर रोज अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाजवळ गप्प बसा.

एवढं करूनही मूल कशातच क्षणभर रमत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या.