आइस मेकर रुसला? पेचकस उचलण्याआधी या चुका टाळा

फ्रिजमध्ये आपोआप पडणारा बर्फ बंद झाला की पहिला संशय तो बनवणाऱ्या आइस मेकरवर. महागडा पार्ट ऑनलाइन मागवायचा, रविवार खर्चून बसवायचा आणि ट्रे तरीही रिकामाच. ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत खोट पुष्कळदा मशीनमध्ये नसतेच, तिथपर्यंत पोचणाऱ्या पाण्यात असते. त्यामुळे सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे पाणी न मोजता पार्ट बदलणं.

डिस्पेन्सर, म्हणजे फ्रिजच्या दारातला पाण्याचा नळ, चालत असेल तर मोजणं सोपं आहे. मापाचा पेला धरा. १० सेकंदांत साधारण १७० मिली पाणी यायला हवं. डिस्पेन्सरही मुका असेल तर फ्रिजचा प्लग काढा, मागचा अँगल कॉक (भिंतीवरची पाण्याची तोटी) बंद करून पाव इंची नळी सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा आणि कॉक उघडा. धार रडतरखडत आली तर आइस मेकरला हातही लावू नका.

बहुतेक फ्रिजच्या इनलेट व्हॉल्व्हला, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या विजेच्या झडपेला, निदान २० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब लागतो. म्हणजे जवळपास १४ मीटर उंचीचं पाणी. गच्चीवरच्या टाकीतून थेट पाणी येत असेल, तर मजल्याला ३ मीटर धरून टाकी तुमच्या डोक्यावर पावणेपाच मजले तरी असायला हवी. नौपाड्यातल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे गणित कसं जमणार? घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांना बहुधा वेगळा प्रेशर पंप असतो. तो बंद पडला की आधी शॉवर मंदावतो, मागोमाग बर्फ. मुळातच दाब कमी असलेल्या घरात फ्रिजच्या लाइनवर दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवणं हाच इलाज.

कमी दाबाचा दुसरा त्रास लवकर ध्यानात येत नाही. हा व्हॉल्व्ह घट्ट मिटण्यासाठीही पाण्याचाच दाब लागतो. दाब नसला की तो थेंबथेंब गळत राहतो, ते थेंब फिल ट्यूबमध्ये (आइस मेकरच्या ट्रेत पाणी सोडणाऱ्या नळीत) गोठतात आणि नळीला बर्फाचं बूच बसतं. मग सुरी किंवा पेचकस घेऊन ते खरवडायचा मोह होतो. कृपा करून नको. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर६००ए गॅस असतो, तो ज्वलनशील आहे, आणि फ्रीझरच्या भिंतीमागची नळी टोकदार वस्तूने सहज फुटते. शंभर रुपयांची सुरी, कंप्रेसरवाल्याचं बिल वेगळं. प्लग काढून दार उघडं ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा, कोमट पाण्याचा कपडा नळीला धरा. वेळ लागतो, लागू द्या.

आरओचं पाणी फ्रिजला जोडायची हौसही अनेकांना असते. चांगली कल्पना, फक्त भिंतीवरच्या साध्या आरओच्या टाकीतून पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं. टाकी फ्रिजच्या व्हॉल्व्हपेक्षा दीड मीटर वर असली तरी दाब जेमतेम २ पीएसआय. मध्ये वेगळा पंप नसेल तर बर्फ पोकळ, चपटा आणि अर्धवट पडणार.

आता जाळीकडे वळू. व्हॉल्व्हच्या पाण्याच्या तोंडाशी नखाएवढी बारीक जाळी असते. सोसायटीची टाकी धुतल्यावर किंवा पाणीपुरवठ्याच्या शटडाउननंतर येणारं पहिलं पाणी गढूळ असतं. ती माती तिथेच अडकते. जाळी काढून उजेडात धरली तर तपकिरी साय दिसते, टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत वर पांढऱ्या क्षाराचा थरही. जुना टूथब्रश आणि व्हिनेगर पुरे. व्हॉल्व्हला पिनने टोचू नका, आतला रबरी पडदा फाटतो. टाकी धुण्याची नोटीस लागली की फ्रिजचा कॉक आदल्या रात्रीच बंद करावा, आणि सिंकचा नळ स्वच्छ वाहू लागला की मगच उघडावा.

मल्टिमीटर लावून व्हॉल्व्हची विजेची कॉइल तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. कॉइल तपासण्याचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले, तिकडची वीज १२० व्होल्टची. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या कॉइलचा ओहममधला आकडा त्याहून कितीतरी मोठा येतो, आणि तो पाहून लोक धडधाकट व्हॉल्व्ह भंगारात देतात. मीटरने सर्किट तुटल्याचं किंवा शॉर्ट झाल्याचं दाखवलं तरच कॉइल गेली म्हणा. तपासताना प्लग भिंतीतून बाहेर हवा. नुसतं स्विच बंद करणं पुरेसं नाही.

काही चुका तर हसू आणणाऱ्या. आइस मेकरची तार वर अडकलेली, म्हणजे तो बंदच. डिस्पेन्सरचं चाइल्ड लॉक लागलेलं. फ्रिज मागे ढकलताना नळी मुडपलेली. बर्फ लवकर व्हावा म्हणून फ्रीझर टोकाच्या थंडीवर ठेवलेला, आणि त्यामुळे दारातून जाणारी डिस्पेन्सरची नळीच गोठलेली. उणे १८ अंश पुरेसं आहे.

नळी नव्याने जोडायची असेल तर कात्रीने तिरकी कापू नका. धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि पुश-फिट जोडात (नळी नुसती दाबून बसते त्या) ती अडेपर्यंत आत दाबा. जोडाखाली रात्रभर कोरडा कागद ठेवा. सकाळी डाग दिसला तर पुन्हा कापून बसवा.

फिल्टर साधारण ६ महिन्यांनी बदलतात. तो काढून त्याच्या जागी बायपास प्लग (पाणी न गाळता सरळ पुढे सोडणारं बूच) लावल्यावर धार सुधारली, तर दोष फिल्टरचाच. नवा लावल्यावर नळीत हवा अडकते, डिस्पेन्सर फुरफुरतो, आणि लोकांना वाटतं फिल्टर नकली निघाला. निदान १० लिटर पाणी वाहू द्या, कुंड्यांना घाला. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फही टाकून द्या. काम नीट झालं तरी पहिला बर्फ पडायला २४ तास लागू शकतात, तेव्हा संध्याकाळी पाहुणे यायचे असतील तर सरळ दुकानातून बर्फाची पिशवी आणा.