रंगावर उभी असलेली पिकअप

मामंजी गेल्यावर त्यांची पिकअप रायवळ आंब्याच्या झाडाखाली उभी राहिली ती सहा वर्षं. महिंद्राची, २००६ ची, २५२३ सीसीचं डीआय डिझेल इंजिन, देवगड तालुक्यातले सहा पावसाळे अंगावर घेतलेली. नवरा मुंबईहून फोनवर म्हणाला, भंगारात देऊन टाक. भंगारवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि घासाघीस न करता खिशात हात घातला. तेव्हाच मला वाटलं, हिच्यात अजून काहीतरी शिल्लक आहे.

आता तिसरा आंबा हंगाम मी तिच्यावर काढतेय. मी मेकॅनिक नाही. आंबा-काजूची बाग आहे, घरात एक ग्राइंडर आहे आणि गावात एक चांगला वेल्डर आहे. तेवढ्यावर जे जमलं आणि जे फसलं, ते सांगते.

आधी गंजाचं. वेल्डरने पहिल्या दिवशी गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "वयनी, ही गाडी रंगार उभी आसा, लोखंडार नाय." तेव्हा राग आला होता, पण तो खरं बोलत होता. पत्र्यावर रंगाचा फोड दिसतो तेव्हा गंज आतून बाहेर आलेला असतो. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि रंगाला उचलतं. म्हणजे बाहेर आठ आण्याएवढा फोड असेल तर आत बशीएवढा डाग धरायचा.

बघायला साधनं तीन: छोटी हातोडी, जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. हातोडीने टकटक करत जा. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं धप्प. जिथे धप्प वाजेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबायचा. आत गेला तर गेला, हळहळू नका, ते भोक आधीपासूनच होतं. चुंबक चिकटलं नाही तर तिथे पत्रा नसून पेंटरची लांबी, म्हणजे पुट्टी, आहे. विकायला काढलेल्या जुन्या गाड्यांत बोटभर जाडीची लांबी मी स्वतः पाहिली आहे.

जागाही ठरलेल्या असतात. केबिनमध्ये रबरी मॅटखालची जमीन. काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे. दरवाजाची खालची कड, कारण तिथली पाणी जायची भोकं मातीने बुजतात आणि दरवाजा बादलीसारखा भरतो. बॅटरीखालची तबकडी. मडगार्डच्या आत, जिथे तांबडी माती थापून बसते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. हौद्याखालचे, म्हणजे माल ठेवायच्या जागेखालचे, आडवे चॅनेल. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) चासीला जिथे टांगलेले असतात ते ब्रॅकेट. बाकी सगळं सडलं तरी करता येतं. ब्रॅकेटच्या आसपास चासीच पोखरलेली असेल तर भंगारवाल्याला परत फोन करा.

तुम्ही गाडी विकत घेणार असाल तर तिने आयुष्यभर काय वाहिलं ते आधी विचारा. आमच्याकडे पिकअपचे जन्म तीन: मासळी, चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) किंवा आंबा. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी वर्षानुवर्षं फटीफटीतून झिरपलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे अशी गाडी उन्हाळ्यातही गंजत राहते. वास धुता येतो, मीठ फटीतून निघत नाही. चिऱ्यांची गाडी गंजाने नाही, वजनाने मेलेली असते. एक जांभा चिरा ३० किलोच्या आसपास, म्हणजे शंभर चिरे तीन टन, आणि लोक पिकअपमध्ये सर्रास भरतात. पाटे उलटे वाकलेले दिसतील, चासीला बारीक तडे असतील. आंब्याची गाडी वर्षातले तीन महिने राबते, बाकी उभी. घ्यायची तर ती.

सहा वर्षं उभ्या गाडीत हात घालण्याआधी काठी घाला. आमच्या पुढच्या टायरमागे फुरसं होतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर, आणि मागच्या दिव्यांच्या वायरी त्याच कुटुंबाने खाल्लेल्या.

सेल्फ मारायची घाई मात्र करू नका. टाकीच्या तळाला पाणी साठतं आणि त्यावर काळा बुळबुळीत थर धरतो. तो पंपात गेला की पंप आणि नोजलचा खर्च तुमच्या माथी. टाकी उतरवून धुतली, डिझेलचे पाइप आणि फिल्टर नवीन घातले, इंजिन ऑइल बदललं. मेकॅनिकने नोजल काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि एक रात्र तसंच ठेवलं. सकाळी पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा चहा झाल्यावर हललं. मग नोजल परत बसवून, पण डिझेल न जाऊ देता, सेल्फने थोडं थोडं फिरवून ऑइल वर चढवलं आणि त्यानंतरच हातपंपाने एअर काढून चालू केलं. पांढरा धूर एवढा झाला की शेजारच्या काकी बादली घेऊन धावत आल्या. क्लच प्लेट चिकटलेली निघाली. उभ्या गाडीत ती फ्लायव्हीलला गंजाने धरते, त्यासाठी गिअर बॉक्स उतरवावा लागला.

आता माझी मोठी चूक. पहिल्या वर्षी मी सल्ला ऐकून गंजावर नुसता वायर ब्रश फिरवला आणि वरून काळं रबरासारखं अंडरबॉडी कोटिंग मारून घेतलं. खालून गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसायला लागली. पुढच्या ऑक्टोबरमध्ये एका जागी कोटिंगचा पापुद्रा निघाला तर आतून भिजलेला तपकिरी भुगा पडला. गंजावर झाकण घातलं की ओल आत कोंडते आणि काम निवांत चालू राहतं. ते सगळं खरवडायला मला नऊ दिवस लागले. जुनं इंजिन ऑइल चासीला फासायचा सल्लाही मिळेल. माझा त्याला विरोध आहे. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ बसते, थेंब ब्रेक लायनरवर गेला तर ब्रेक जातो, आणि उरलेलं तेल पहिल्या पावसात विहिरीकडे वाहत जातं.

बरोबर क्रम असा. कामाचा काळ दिवाळी ते नाताळ. पाऊस गेलेला, हवा कोरडी, आंब्याची धांदल अजून सुरू व्हायची असते. आधी गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवा, मडगार्डच्या आतली माती बोटांनी काढा आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. मग पापुद्रे खरवडणीने, उरलेलं ग्राइंडरला कप ब्रश लावून. डोळ्यांवर गॉगल हवाच. त्या ब्रशच्या तारा सुटतात, एक माझ्या साडीतून मांडीत घुसली होती. तेव्हापासून या कामाला मामंजींची जुनी जाड पँट.

खड्ड्यांत रुतलेला गंज कशानेच पूर्ण निघत नाही. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावायचा. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं आणि ते उरलेल्या गंजाचं घट्ट, काळपट संयुग करतं. हिरड्यात लोखंड घालून काळी शाई करायचे, तीच गंमत. पण तो पातळ गंजावरच चालतो, पापुद्र्यांवर ओतून उपयोग नाही. नंतर इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात रंग. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात काढू नका. तो प्रायमर आहे, पाणी पिऊन घेतो. चासीच्या पोकळ भागात भोकांतून नळी घालून मेणाचा स्प्रे मारायचा, कारण ब्रश तिथे पोचत नाही आणि गंज पोचतो.

पत्र्याला भोक असेल तर चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जायचं. कडेचा कुजका पत्रा ठेवून त्यावर तुकडा चिकटवला तर वेल्डिंगला धरायलाच काही नसतं. केबिनच्या जमिनीला १८ गेजचा पत्रा पुरतो. पातळ पत्र्यावर साधी रॉड भोकं पाडत जाते, म्हणून गॅस किंवा सीओटू वेल्डिंगवाला शोधा. चासीचा तुकडा मूळ जाडीचा हवा, आणि त्याच्या कडा उभ्या सरळ रेषेत न ठेवता शंकरपाळ्यासारख्या तिरक्या कापायच्या, नाहीतर ताण एका रेषेत येतो आणि तड तिथूनच जाते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, डिझेल टाकी उतरवून लांब ठेवा, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवू नका. नंबर पुसट झाला तर आरटीओत तुम्ही चोर ठरता.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको. आमच्याकडे सवय अशी की हाताशी येईल तो चिरा टेकू म्हणून सरकवायचा. जांभा दाबाने अचानक भुगा होतो. लोखंडी घोडी (जॅक स्टँड) आणा, नाहीतर जाड लाकडी ठोकळे.

हौद्याचा पत्रा गेला होता, तिथे मी फणसाच्या फळ्या टाकल्या. फळ्यांना खालून काजूच्या टरफलाचं तेल दिलं, जसं होड्यांना देतात. हातमोजे घालून, कारण ते तेल कातडी जाळतं. वास पंधरा दिवसांत गेला.

रंगाला सगळे पैसे घालतात आणि ब्रेकला उरलेले. उलटं करा. आमच्या गाडीचे चारही व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि तेच पाणी सिलिंडरला आतून खातं. घाटात ब्रेक तापले की त्याच पाण्याची वाफ होते आणि पेडल नुसतं खाली जातं. सिलिंडर, होज, लायनर सगळं नवीन घातलं, लोखंडी ब्रेक पाइप टाकीमागे गंजला होता तोही बदलला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलते. दिवे कधी लागायचे, कधी नाही. नवीन वायरिंगचा खर्च सांगून झाला होता, पण गंजलेली अर्थिंग घासून बोल्ट आवळल्यावर अर्ध्याहून जास्त दुखणी गेली.

कागदांचं थोडक्यात. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेसचा दाखला दरवर्षी लागतो आणि महाराष्ट्रात हरित करही. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कर, विमा, पीयूसी, थकलेली चलनं आधी बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या, मी पांढराच ठेवला. ओरोसच्या चहाच्या टपरीवर एकाने मला सांगितलं होतं की कारच्या लायसन्सवर बाईमाणसाला पिकअप चालत नाही. बाईमाणसाचं सोडा, पण लायसन्सचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला आहे: हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते.

चालवताना जुन्या गाडीचं वय लक्षात ठेवा. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की लादायचं वजन मिळतं. मी त्याच्याही पाऊणपट भरते. पाच डझनाची भरलेली पेटी २० किलो धरली तर ४० पेट्या, बस. त्यावर एकही नाही, कोणी कितीही ओळखीचा असो. जड पेट्या केबिनच्या बाजूला, मागच्या फाळक्याकडे हलक्या. फोंडा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर, ब्रेक मधूनमधून दाबून सोडत. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे मला मागून हॉर्न देतात, देऊ देत. या गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागे बसवलेला आहे, म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकही दगडासारखा होतो. सुटा पट्टा आणि बारा-तेराचा पाना सीटखाली कायम. कोल्हापूरच्या पुढे मी ती नेत नाही.

पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री गुंडाळू नका, आत वाफ धरते. वरून पत्रा आणि चारी बाजू उघड्या असा मांडव पुरे. पाऊस संपला की खालून एकदा गोड्या पाण्याची धार, दरवाजांची भोकं सुईने मोकळी, हातोडी घेऊन एक फेरी. यंदा डावीकडे एका चॅनेलवर आवाज बदललाय, दिवाळीनंतर तेवढं कापायचं आहे.

परवा खालच्या वाडीतला एक पोरगा विचारत आला, "वयनी, दोन क्रेट बांगडे व्हरशात?" क्रेट माझ्या स्कूटरला बांधले आणि नाक्यापर्यंत पोचवून आले.