नवतपात लॅपटॉप अटकत असेल तर

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात मी लग्नांचं शूटिंग करतो आणि घरीच एडिट करतो. घरावर टिनं आहेत, रस्त्यापलीकडे कापसाची जिनिंग. मे महिन्यात लग्नं दाट आणि पारा 45-46 वर. मागच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ऐन कामात लॅपटॉप असा अटकायला लागला की माऊस हलवला तर बाण दोन सेकंदांनी हलायचा. फोनवर मुलीचे वडील : "भाऊ, पोरगी परवा सासरी जाऊन राहिली, कॅसेट केव्हा देता?" आमच्याकडे पेनड्राइव्हलाही अजून कॅसेटच म्हणतात. त्या आठवड्यात जे शिकलो ते त्याच क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचे ते दिवस वाचतील.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयू दिसतो, म्हणजे चित्र आणि व्हिडिओचं काम करणारी चिप. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन आहेत. जीपीयू 0 हा प्रोसेसरमधलाच इंटेलचा आणि जीपीयू 1 हे एनव्हिडियाचं वेगळं कार्ड. वेगळं कार्ड असेल तर तिथेच त्याचं तापमानही दिसतं.

100 टक्के दिसलं म्हणून घाबरू नका. व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना, म्हणजे एडिटची पक्की फाइल बनताना, किंवा जड गेम चालू असताना कार्ड पूर्ण वापरलं गेलंच पाहिजे, त्यासाठीच पैसे मोजले. ही टक्केवारी कार्ड किती वेळ कामात गुंतलं ते सांगते, काम किती झालं ते सांगत नाही. भर दुपारी जुंपलेला बैलही पूर्ण वेळ औतालाच असतो, पण तास, म्हणजे वावरातल्या ओळी, कमी पडतात. तापलेलं कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, आणि तरी आकडा 100 च दाखवतं. मी एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. एक्स्पोर्ट सुरू करताना कार्डाचा वेग (क्लॉक) 1500 मेगाहर्ट्झच्या वर होता. दहा मिनिटांत तो 600 वर आला आणि तापमान 87 अंशांवर जाऊन थांबलं. म्हणजे दुखणं सॉफ्टवेअरचं नव्हतं.

आपल्या भागात म्हणूनच मी पहिला संशय उष्णतेवर घेतो. बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. टिनाखाली दुपारी एक वाजता काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गादीवर, बाजेवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी बंद होते. टेबलावर ठेवून मागची बाजू लाकडाच्या तुकड्यांवर दोन बोटं उचला. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. तिथली हवा ओली असते, आणि आपल्या जड पाण्याचे बारीक शिंतोडे उडून पांढरा थर बसतो. कूलर खोलीच्या एका टोकाला, लॅपटॉप दुसऱ्या टोकाला आणि मागची खिडकी उघडी. एक्स्पोर्ट मी आता पहाटे चारला लावतो.

एवढं करूनही फरक पडला नाही तेव्हा तळाचं झाकण उघडलं. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून मी ते इडलीच्या साच्यात काढले त्याच क्रमाने ठेवतो. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढा. पंखा वरून साफच दिसत होता, मीही फसलो असतो. पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध रुईचा थर निघाला. गादीतून उसवून काढावा तसा, अखंड, बोटाने उचलता येणारा. जिनिंगची बारीक रुई हवेतून येते, पंखा ती आत ओढतो आणि जाळीपाशी ती दाबून बसते. बाहेरून फुंकून हा थर निघत नाही, उलट आणखी घट्ट होतो. मऊ ब्रश आणि लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर वापरा. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, मोकळं भन्नाट फिरलं तर बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्या हवेत पाणी असतं आणि दाबही फार.

नुसता कापूस काढल्यावर तेच काम 74 अंशांवर होऊ लागलं आणि वेग टिकला.

दुसरं कारण चार्जर. गावात लोक व्होल्टेजला दोष देतात. अडॅप्टरवर मात्र 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, संध्याकाळी लाईन थोडी मंदावली तरी त्याचं भागतं. पाहायचे ते वॅट. माझ्या लॅपटॉपसोबत 150 वॅटचा चार्जर आला. एका मंगल कार्यालयात तो विसरलो आणि आतेभावाचा 65 वॅटचा टाइप-सी लावला. चार्जिंगची खूण दिसत होती, पण टाइमलाइन गोगलगाईसारखी चालली. लाईन गेल्यावर नुसत्या बॅटरीवरही हेच होतं, ते बिघाड समजू नका.

आता कार्ड थंड आहे, चार्जर बरोबर आहे, तरी अटकतं. मग 'प्रोसेसेस'मध्ये जाऊन जीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, जास्त खाणारा वर येईल. ब्राउझर वर आला तर जादा टॅब बंद करा. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन असतं, ते तपासण्यापुरतं बंद करून पाहा. कायम बंद ठेवलं तर तोच भार प्रोसेसरवर पडतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर चुकून इंटेलवर चालत असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्याला 'हाय परफॉर्मन्स' द्या. ब्राउझरला 'पॉवर सेव्हिंग'. भाचा गेम खेळतो, त्याच्या गेमला मी सेकंदाला 60 फ्रेमची मर्यादा घातली. पंख्याचा आवाजच बसला.

एडिट करणाऱ्यांनी जीपीयूच्या पानावरची 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' जरूर पाहावी. माझ्या कार्डात 4 जीबी आहे. फोर-के फायली आणि दोन-चार इफेक्ट टाकले की ती भरते, उरलेलं सामान लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जातं आणि तिथून सगळं रखडतं. यावर नवं कार्ड हाच उपाय नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी बनवा, म्हणजे 720 च्या हलक्या प्रती. एडिट त्यांच्यावर होतं आणि एक्स्पोर्ट मूळ फायलींवरून. हळदीचं तीन तासांचं शूटिंग मी आता असंच कापतो.

वेगळं कार्डच नसेल तर इंटेलचा जीपीयू रॅममधूनच जागा घेतो. तिथे 4 जीबीची एक पट्टी असेल आणि दुसरी जागा रिकामी असेल, तर दुसरी पट्टी टाकल्याचा फायदा लगेच दिसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काहीच चालू नसताना जीपीयू 90 च्या वर असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच खाली येत असेल, तर आत कुणीतरी चोरून क्रिप्टोची डिजिटल नाणी खणणारा प्रोग्राम बसलेला असू शकतो. क्रॅक केलेलं एडिटिंग सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरतं, त्यातून हे येऊ शकतं. विंडोज सिक्युरिटीमध्ये ऑफलाइन स्कॅन लावा आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका. ग्राहकांच्या घरच्या आठवणी तुमच्या लॅपटॉपमध्ये असतात.

विंडोज अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, मागच्या आवृत्तीवर न्या : डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर, मग ड्रायव्हर, 'रोल बॅक'. स्क्रीन गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडं काम सहसा वाचतं.

साफ केल्यावरही काही मिनिटांतच तापमान चढत असेल तर पंखा थकला असेल किंवा थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे नेणारा लेप, वाळली असेल. हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण समोर बसून करून घ्या. पेस्टसोबत कार्डाच्या मेमरीवरचे मऊ पॅडही तो बदलेल. ते जुन्या जाडीचेच टाकायला सांगा. जाड पॅड बसला तर तांब्याची पट्टी चिपला नीट टेकत नाही, आणि लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापून परत येतो.